भुयारमार्गे परांडा

इतिहास आपल्या पायांखाली असतो. बार्शीत मी ज्या लॉजवर उतरलो, तिथे जिन्याजवळ हे वाक्य सोनेरी अक्षरांत लिहिलेले आहे. त्याच्या खाली लाल अक्षरांत लिहिले आहे, 'चपला बाहेर काढाव्यात'. चार दिवस मी दोन्ही वाक्यांना मान देण्याचा प्रयत्न केला. दुसरे सोपे गेले.

सोलापुरात आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा एक गट आहे. माणसे बावीस, गुडघे चव्वेचाळीस, त्यांतले सात बदललेले. यंदा थंडीत बार्शीला तीन रात्री मुक्काम करायचा आणि रोज एक सहल करून संध्याकाळी परत यायचे, असे ठरले. बार्शी त्याला सोयीची आहे. जुनी पेठ, जुने देऊळ, पूर्वेला बालाघाटाचे डोंगर आणि चारी दिशांना रस्ते. आधी कुणीतरी जाऊन ठिकाणे पाहून यावीत, असा ठराव झाला आणि ते काम माझ्याकडे आले. मी निवृत्त ग्रंथपाल. कोणत्याही छापील मजकुरावर माझा चटकन विश्वास बसत नाही, आणि तोंडी मजकुरावर तर बसतच नाही. असा माणूस पुढे पाठवला की मागच्यांची सोय होते. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी लिहून आणायच्या होत्या. पायऱ्या किती, सावली कुठे आणि शौचालय आहे का. इतिहासाबद्दल कुणी काही विचारले नव्हते.

वैरागमार्गे बसने निघालो. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर आलेली, कणसे भरत आलेली. बार्शी स्थानकावर उतरल्यावर जीप ठरवली. चालकाचे नाव महालिंगआप्पा. वय साठीच्या आसपास, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, फोनवर अक्कलकोटला दिलेल्या मुलीशी कानडीत बोलणार आणि फोन ठेवला की त्याच वाक्याचा उरलेला भाग माझ्याशी मराठीत पुरा करणार.

"परांडा किती वेळ?" मी विचारले.

"हे काय, हितंच की. दहा मिंटं."

पाऊण तास लागला. आप्पांची दहा मिनिटे मी वहीत वेगळ्या पानावर लिहायला सुरुवात केली.

परांड्याचा किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. ही गुडघ्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट. खंदक, जाड तट, बुरूज आणि बुरुजांवर तोफा. दुपारच्या उन्हात सगळा किल्ला डुलकी लागल्यासारखा दिसत होता. खंदकाच्या कडेला एक गृहस्थ शेळ्या चारत होते. मी न विचारताच त्यांनी सांगितले, "हितनं भुयार हाय."

"कुठे निघतं?"

"पार बालाघाटात. डोंगराच्या कुशीला."

"तुम्ही गेला होतात?"

"मी कशाला जाऊ? मला काय काम तितं?"

भुयाराबद्दल इतके प्रामाणिक उत्तर मला आयुष्यात मिळाले नव्हते. नोकरीच्या काळात मी गावोगावच्या इतिहासाच्या पुस्तिका इतक्या वाचल्या की त्यांतली सगळी भुयारे खरी असती तर आपला जिल्हा कधीच खचला असता. प्रत्येक भुयारात पूर्वी एक वऱ्हाड शिरलेले असते. वाजतगाजत आत जाते आणि परत येत नाही. अशी अकरा वऱ्हाडे मी आजवर मोजली आहेत. एकाही नवरीच्या बापाने चौकशी केल्याची नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी येडशीजवळ रामलिंगाला गेलो. झाडीने भरलेली दरी, तळाशी देऊळ आणि उतरायला पायऱ्या. पायऱ्या मी उतरताना मोजल्या आणि चढताना मोजल्या. आकडे जुळले नाहीत. मध्येच एका माकडाने पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली आणि झाडावर बसून चटणी आधी खाल्ली. ठसका लागल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यात माझ्याइतकाच संशय होता.

भाकरी गेल्यामुळे जेवणाचा प्रश्न आला. आप्पा म्हणाले, "धामणवाडीत जाऊ. रस्त्यापासनं आत हाय थोडं. दहा मिंटं."

आप्पांच्या मेहुण्याचे हॉटेल असणार, असे मी गृहीत धरले. तिथे हॉटेलच नव्हते. डोंगराच्या पायथ्याशी पन्नासेक घरे, आणि गावाबाहेर एका बांधावर कडब्याचा मांडव घालून केलेली सावली. तो नवनाथचा उद्योग. नवनाथ पंचविशीचा. पाच वर्षे चाकणच्या एका कारखान्यात काढून परत आलेला. त्याला गावातच राहायचे होते, म्हणून त्याने यंदा हुरड्याचे जेवण सुरू केले होते. आमच्याआधी किती लोक आले, हे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "तुम्हीच पहिले, सर." हे मला खरे वाटले.

हुरडा त्याची आजी भाजत होती. सोनाबाई. वय ऐंशीच्या पुढे, पाठ सरळ, तळहात भाकरीसारखे भाजलेले. आगटीतून (गोवऱ्यांचा विस्तव केलेला लहान खड्डा) कणीस काढून ती हातावर चोळायची आणि हिरवे दाणे पुढे टाकायची. सोबत दही, चटणी आणि गूळ. मी तीन वेळा घेतले. वहीत 'सावली चांगली' असे लिहिले.

एवढ्यात सरपंच आले. भारतराव. पांढरे कपडे, गळ्यात उपरणे, आणि उजवा हात सतत कुणाला तरी व्यासपीठावर बोलावत असल्यासारखा. आमचा गट येणार हे आप्पांनी त्यांना फोनवर कळवले होते.

"सर, जेवण होत राहील. आधी आमचं भुयार बघा."

बांधापासून शंभर पावलांवर एक वाटोळी काळी शिळा होती. तिच्यावर शेंदूर, नारळाच्या करवंट्या आणि वाळलेला हार.

"हितून थेट परांडा," भारतराव म्हणाले. "राजेरजवाड्यांचा गुप्त मार्ग. घोडा दौडत जायचा."

"आत कुणी गेलंय?"

"कसं जाणार, सर? पूर्वी एक वऱ्हाड..."

"आत गेलं आणि परत आलं नाही."

"तुमाला कसं ठावं?" ते खरोखर चकित झाले. मग जवळ येऊन म्हणाले, "तुमच्या यादीत एवढं नाव घाला. तुमची माणसं आली की आणखी येतील. सुरुवात तर होऊ दे. ह्या पोराचं बी बस्तान बसंल."

मी बाराव्या वऱ्हाडाची वहीत नोंद केली आणि उत्तर दिले. ते उत्तर मला आजही शब्दशः आठवते, कारण देताना मी स्वतःवर खूश होतो. मी म्हणालो, "भारतराव, जोपर्यंत कुणी आत जाऊन परत येत नाही, तोपर्यंत मी हे लिहिणार नाही. पुरावा पाहिजे."

 नवनाथ शिळेकडे पाहत राहिला. आगटीपाशी परतलो तेव्हा सोनाबाई मान वर न करता एवढेच म्हणाली, "उघडाय लागलं तर आदी मला हाक मारा."

म्हातारीला पूजा करायची असणार, असे मी समजलो.

तिसरा दिवस मी बार्शी शहरासाठी ठेवला होता. सकाळी सातला आप्पा लॉजच्या दारात.

"चला सर. धामणवाडीत भुयार उघडत्यात. तुमच्यापायी."

"माझ्यापायी?"

"तुमीच म्हणाला की, कुणीतरी आत जाऊन आलं पायजे. नवनाथ उतरतोय."

जीपमध्ये बसलो. गावाला एका रात्रीत एवढा उत्साह कसा आला, याचा मी विचार करत होतो. यात भारतरावांचा काहीतरी डाव आहे, शेजारी दुसरे भोक खणून नवनाथला तिकडून बाहेर काढतील, अशी माझी खात्री झाली होती. जीपमधून उतरल्यावर आधी मी आजूबाजूला ताजी माती शोधली. नव्हती.

मांडव होता. लाल गालिचा होता. हलगीवाले होते. बारा फुटांचा फ्लेक्स होता आणि त्यावर लिहिले होते, 'ऐतिहासिक भुयारमार्गे परांडा'. प्रमुख पाहुण्यांचा चेहरा सर्वांत मोठा, मग भारतराव, मग उतरत्या क्रमाने गावातले बाकीचे मान्यवर. मध्यभागी किल्ल्याचे चित्र. त्या किल्ल्याच्या मागे समुद्र होता.

प्रमुख पाहुणे अकराला यायचे होते. त्यांच्यासमोर नवनाथने आत उतरायचे आणि मूठभर ऐतिहासिक माती घेऊन वर यायचे, असा कार्यक्रम. पण पाहुण्यांसमोर गडबड नको म्हणून भारतरावांनी दहाला रंगीत तालीम ठेवली होती.

पहारी लावून पाच जणांनी शिळा सरकवली. खाली दीड हात रुंदीचे काळे भोक. आतून वास आला. आंबूस, कोंदट, वर्षानुवर्षे बंद ठेवलेल्या गोदामाचा. ग्रंथालयाच्या तळघरात मी असा वास पुष्कळ घेतला आहे. तिथे मी नेहमी आधी खिडक्या उघडायचो आणि मग आत जायचो. इथे ते मला आठवले नाही.

नवनाथच्या कमरेला दोर बांधला. शर्टाच्या खिशात मोबाईल, त्याची बॅटरी चालू. गळ्यात झेंडूचा हार.

"तालमीला हार कशाला?" मी विचारले.

"फोटोला," भारतराव म्हणाले.

आप्पा माझ्या कानाशी पुटपुटले, "म्हातारीला हाक मारायची व्हती की."

मला तिचे बोलणे आठवले. आता ती नारळ, हळद-कुंकू काढेल, अर्धा तास जाईल, आणि त्यात पुरावा राहील बाजूला, असा विचार करून मी काही बोललो नाही. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण ते कुणी विचारले नाही तर राहून जाईल.

नवनाथ भोकाच्या काठावर बसला आणि त्याने पाय आत सोडले. चौघांनी दोर धरला. हलगीवाल्याने सहज दोन थापा मारून पाहिल्या. त्या थापांनी काम केले. ज्वारीच्या ताटांमधून सोनाबाई आली, हातात खुरपे, कासोटा खोचलेला. तिने भोक पाहिले, नातू पाहिला, आणि पहिला प्रश्न केला.

"दिवा सोडला का?"

"आजी, मोबाईलची बॅटरी हाय की," नवनाथ म्हणाला. "लई उजेड पडतोय बघ."

"ती इझंल का?"

"नाही विझत. फुल चार्ज हाय."

"मग काय कामाची? जो दिवा इझत न्हाय, त्यो काय सांगणार?"

भारतराव हसत पुढे आले. "सोनामावशी, पाहुणे यायलेत. नंतर बघू."

सोनाबाईने खुरपे बाजूला ठेवले आणि नातवाच्या कमरेचा दोर दोन्ही हातांनी धरून जमिनीवर बसली. "ह्याला सोडायचं तर माझ्यासकट सोडा."

मग ती उठली तेव्हा दोर हाताला गुंडाळूनच उठली. मांडवातल्या टेबलावर पाहुण्यांना ओवाळण्याचे ताट होते. त्यातले पितळी निरांजन तिने उचलले. भारतराव म्हणाले, "अहो मावशी, ते ओवाळणीचं हाय!" ती म्हणाली, "ववाळतेच हाय." एका लहान बादलीत निरांजन ठेवून पेटवले, बादलीला सुतळी बांधली आणि ती आत सोडली.

सगळे वाकून पाहू लागले. हातभर खाली ज्योत नीट होती. दोन हातांवर ती बारीक झाली. तीन हातांवर विझली.

"वारं लागलं," भारतराव म्हणाले.

पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. पुन्हा तिथेच विझली. मला तुपाचा संशय आला. मी मांडवातल्या समईतले तेल घालायला लावले, नवी वात लावली, आणि सुतळी स्वतःच्या हातात घेतली. एक पानही हलत नव्हते. माझा हातही हलू नये म्हणून मी कोपर गुडघ्यावर टेकवले. ज्योत खाली जाताना लहान लहान होत गेली, वातीवर चिकटून निळसर राहिली, आणि कुणी चिमटीत धरावी तशी गेली. थोडा धूर वर येऊ पाहत होता, तोही आतच थांबला.

 नवनाथने आधी डावा पाय बाहेर काढला, मग उजवा. मग खिशातला मोबाईल काढून त्याने बॅटरी बंद केली.

"हे भुयार न्हाय," सोनाबाई म्हणाली. "पेव हाय. जुंधळ्याचं." पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठे, आतून कडब्याचे अस्तर. बार्शीच्या बाजारात भाव येईपर्यंत ज्वारी त्यात राहायची. "माझा बाप पेवात उतरायचा. उघडलं की एक दीस तसंच ठिवायचं. मग दिवा सोडायचा. दिवा ऱ्हायला तर मानूस जायाचा."

"मग ते वऱ्हाड?" भारतरावांनी विचारले. त्यांचा आवाज बराच खाली आला होता.

"कसलं वऱ्हाड? किसन व्हता, माझ्या बापाच्या जोडीचा. दुसऱ्या दिशी त्येचं लगीन. अंगाला हळद लागलेली. मांडवाला जुंधळं कमी पडलं म्हनून पेव उघडलं. बाप म्हनला, थांब, दिवा आनतो. त्यो म्हनला, दिवा आनंस्तवर मी वर येतो बी." तिने हाताला गुंडाळलेला दोर सोडला. "त्याला काढला वर. पर त्यो आला न्हाय. तवापासनं हे झाकलंय."

मी विचारले, "मग इतकी वर्षं हे तुम्ही सांगितलं का नाही?" विचारताना माझ्या आवाजात संशय होता. सवय जात नाही.

"सांगितलं की. ह्येच्या बापाला सांगितलं," तिने भारतरावांकडे बोट केले. "मास्तरला सांगितलं. मास्तर म्हनला, मावशी, पेव बघाय कोन येतंय?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आन् काल तुमाला बी सांगितलं व्हतं, हाक मारा म्हनून."

 आयुष्यभर मी वऱ्हाडे मोजत आलो. आत एक माणूस असेल, असे माझ्या कधी मनात आले नाही.

प्रमुख पाहुणे साडेबाराला आले. कार्यक्रम बदलायला वेळ नव्हता, त्यामुळे तो झाला. हलगी वाजली, विझलेले निरांजन पुन्हा पेटवून ओवाळले गेले, फीत कापली गेली आणि गुप्त मार्गांच्या महत्त्वावर वीस मिनिटांचे भाषण झाले. शेवटी पाहुण्यांनी भोकात डोकावून विचारले, "पुढं कुठपर्यंत गेलाय?"

भारतराव म्हणाले, "साहेब, काम चालू आहे."

मी मुक्काम एक दिवस वाढवला. चौथ्या दिवशी सकाळी पोहोचलो तेव्हा सोनाबाई दोराला बांधलेला लिंबाचा मोठा डहाळा पेवात खालीवर करत होती. हवा ढवळायची ही रीत. मग निरांजन सोडले. ते तळाला टेकले आणि पेटतच राहिले. तरी तिने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "जा."

या वेळी हार नव्हता, फोटो नव्हता. नवनाथ उतरला आणि आतून त्याचा आवाज घागरीतून यावा तसा आला. त्याने भिंत ठोकत पूर्ण फेरी मारली.

"पश्चिमेला काही वाट दिसते का?" मी वरून विचारले. परांडा पश्चिमेला आहे.

"पश्चिम कुठली, सर? सगळं गोल हाय."

दोराला गाठी मारून मोजले. खोली चौदा फूट. तळाला वीतभर भुसा. नवनाथने मूठभर वर आणला. सोनाबाईने तो हातावर चोळला, फुंकर मारली, नाकाशी नेला आणि म्हणाली, "शाळू." मग ती हात झटकून ज्वारीत निघून गेली.

परतीच्या बसमध्ये मी यादी पुरी केली. परांडा, सपाट. रामलिंग, पायऱ्या आहेत, संख्येबद्दल दोन मते. धामणवाडीसमोर मी बराच वेळ काही लिहिले नाही. मला वाटत होते की मी आयुष्यभर संशय घेण्याचेच काम केले. पण माझा संशय नेहमी काठावर बसून प्रश्न विचारायचा. सोनाबाईचा संशय बादलीत बसून खाली जायचा, आणि एक माणूस त्यामुळे त्या दिवशी वर राहिला. शेवटी मी लिहिले, 'पेव. भुयार नाही. किसन नावाचा एक माणूस. जेवण उत्तम. सोनाबाई सांगतील ते ऐकावे.'

महिनाअखेरीस आम्ही बावीस जण गेलो. नवनाथच्या मांडवात बसून सगळ्यांनी हुरडा खाल्ला. मग त्याने पेवाची आणि किसनची हकीकत सांगितली, आजीने दोनदा मध्येच दुरुस्ती केली, आणि आमच्यातल्या सर्वांत बडबड्या जोशीबाईसुद्धा ऐकत राहिल्या. पुढच्या रविवारी बार्शीचा एक शिक्षकांचा गट येणार होता, असे नवनाथने सांगितले. त्याने चाकणला कळवून टाकले होते की तो परत येत नाही.

शिळा पुन्हा जागेवर बसवली होती. अवकाळी पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून तिच्यावर तो बारा फुटांचा फ्लेक्स घालून चारी कडांना दगड ठेवले होते. मान्यवरांचे चेहरे खालच्या बाजूला आहेत. छापलेली बाजू खाली ठेवली की फ्लेक्स जास्त टिकतो, असे सोनाबाईचे म्हणणे आहे.